एक सुर्ख रत्ती

सेलूच्या जिनिंगमागच्या लाइनीतली तेवीस घरं,
फसली तेराशे बावन्न,
मुन्शी दस्तगीर अलींनी तराजू घेऊन पाहिलेली.
फॉर्म उर्दूत. परभणीच्या एका निवृत्त गुरुजींकडे
रोज संध्याकाळी तासभर बसून
अलिफपासून शिकले,
तेव्हा कुठे ज्वारी ज्वारीसारखी दिसायला लागली.

आता रकाने भरते.
बाप्या एक, बाई शून्य पूर्णांक आठ,
पाच वर्षांचं पोर अर्धं.
असंच मोजतात. मीही असंच मोजते,
आणि दुपारी डबा उघडताना
माझे दोन दशांश कुठे गेले ते शोधत नाही.
ज्वारी दिवसाला दीड शेर. तेल दोन पैशांचं.
मीठ आहे. गूळ पोळ्याला.
दुधाच्या रकान्यात प्रत्येक घरापुढे
एक आडवी रेघ,
तेवीस रेघा खालोखाल.

डाळ मात्र आहे.
चौथ्या घरात तूर, चाळीस तोळे.
पाचव्यात साडेएकोणचाळीस.
सहाव्यात एकोणचाळीस.
नवव्यात साडेअडतीस.
मी खूश. मजुरांना डाळ परवडत होती,
असं एक वाक्य टाईपही करून टाकलं.
शेऱ्याच्या जागी चारही घरांत तेच बारीक अक्षर:
‘दाल में एक सुर्ख रत्ती.’
रत्ती म्हणजे वजन, तोळ्याचा शहाण्णवावा भाग.
त्याचे मी ग्रॅम केले
आणि वेगळ्या रकान्यात नेऊन ठेवले.

सुर्ख हा शब्द तेवढा उरला.
वजन लाल कसं असेल?
गुरुजी हसले. म्हणाले, पोरी, रत्ती म्हणजे गुंज.
सोनाराकडची. रानातल्या वेलावरची.
लाल, आणि डोक्यावर काळा ठिपका.

त्या रात्री मला घरांच्या मागच्या भिंती दिसल्या.
धुरपता डाळीचं गाडगं पदराखाली घेऊन
हलीमाबीच्या परसात,
हलीमाबी सुंद्राच्या,
आणि सुंद्रा, मधल्या दोन घरांशी बोलणं बंद म्हणून
ती टाळून, पळत,
कोंडाबाईच्या चुलीपाशी:
“धर लवकर, मुन्शी तिकडं भांडी मोजायलाय.”
एकच डाळ.
सरकारच्या कागदावर आपण उपाशी दिसू नये
म्हणून मागल्या दारानं फिरलेली,
आणि तिच्यात कुण्या पोराच्या खेळातली गुंज.

मुन्शी तिला चारही वेळा पाहत होता.
काढून टाकली नाही. ओरडला नाही.
वजनं नीट घेतली,
तांब्या-पितळ्या मोजायला जरा उगीचच वेळ लावला असेल,
आणि खरं ते अशा शब्दात लिहून ठेवलं
जो त्याच्या साहेबाला माप वाटावा.

माझी सरासरी कोसळली. ते वाक्य खोडलं.
सर म्हणाले, संशयास्पद नोंदी वगळ.
वगळणारच होते.

पण वजाबाकी करून बघा.
हलीमाबीनं तराजूपुढं ठेवायच्या आधी
अर्धा तोळा काढून घेतला.
सुंद्रानं अर्धा. कोंडाबाईनं अर्धा.
चार बोटांच्या चिमटीत मावेल एवढी,
आजारी लेकराच्या पेजेत,
नाहीतर नुसतीच, कच्ची, दाढेखाली.
सहा ग्रॅमला थोडी कमी. वीस उष्मांक.
ज्वारी मोजली, तेल मोजलं, 
पण अख्ख्या तक्त्यात
खाल्लेला वाटतो तो हा एकच आकडा.
तो मी तीन घरांपुढे भरला.

धुरपताकडं परत किती आली
ते बघायला मुन्शी थांबला नव्हता.
गाडगं घेताना तिनं
हातानं तोललं असेल, कळलं असेल,
आणि म्हणाली असेल काहीतरी, किंवा नसेल.
तिच्या चाळीस तोळ्यांवर
मी अजून बोट ठेवून बसलेय.